चौकड्यांचा शर्ट

आमच्या गावात फोनला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तीही पाचव्या पायरीपासून वर. डिसेंबरातल्या एका बुधवारी दुपारी मी त्या पाचव्या पायरीवर उभी राहून विधानसभेचा तारांकित प्रश्न वाचला. नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू होतं. पंचायत समितीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्नाच्या वर लिहिलं होतं, ‘अतितातडीचे. दोन तासांत माहिती द्यावी. मा. मुख्यमंत्री उत्तर देणार आहेत.’

मी जिवती तालुक्यातल्या डोंगरावर, सीमेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. चौथीपर्यंतची शाळा. मुख्याध्यापिका मीच, वर्गशिक्षिका मीच. माझं घर नागभीडला, नवरा आणि सासू तिथं धानाची शेती बघतात, मी जिवतीत खोली करून राहते आणि सुट्टीत घरी जाते. अकरा वर्षं असंच चालू आहे.

हे गाव आपलं आहे असं दोन राज्यं म्हणतात, आमचं आणि तेलंगण. त्यामुळे गावात सगळं दोन दोन. घरटी दोन रेशनकार्डं, माणशी दोन मतदान कार्डं. सरपंचही दोन, त्यातला एक दुसऱ्याचा साळा. रस्त्याच्या या बाजूला माझी मराठी शाळा, त्या बाजूला तेलुगू शाळा. मुलं मात्र तीच ती. माझ्या पटावर एकवीस, तिकडच्या पटावरही तीच एकवीस.

हे मी आल्यावर सुरू झालं नाही. मी आले तेव्हा ते चालूच होतं, मी फक्त त्याला वेळापत्रक दिलं. तेलुगू शाळेचे मास्तर, ज्यांना सगळं गाव ‘सार’ म्हणतं, त्यांच्याशी बोलून ठरवलं की सकाळी मुलं त्यांच्याकडे, तिथंच जेवण, आणि साडेबाराला रस्ता ओलांडून माझ्याकडे. माझ्याकडची खिचडी चारला. कागदावर माझी शाळा साडेदहाला भरायची. कागदावर सारची शाळा चारला सुटायची. प्रत्यक्षात आम्ही दोघंही अर्धी अर्धी शाळा चालवायचो, आणि खरं सांगायचं तर मुलं दोन्ही भाषा वाचायला शिकायची.

तपासणीचं कसं करायचं, तेही ठरलेलं होतं. साहेबाची जीप घाट चढायला लागली की खालच्या गावातून निरोप यायचा. मग आमची स्वयंपाकीणबाई व्हरांड्यात टांगलेल्या लोखंडी रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके मारायची. तीन ठोके म्हणजे घरी पळायचं, अंगावरचा शर्ट बदलायचा आणि आमच्या शाळेत येऊन बसायचं. तिकडचा गणवेश चौकड्यांचा, आमचा साधा निळा. सारकडे तपासणी असली की ते शिट्टी मारायचे आणि मुलं उलट्या दिशेनं पळायची. पहिलीतलं पोरसुद्धा यात कधी चुकलं नाही. चुकले मी.

प्रश्न असा होता. सीमावर्ती गावांत दोन्ही राज्यांच्या शाळांत तेच विद्यार्थी दाखल आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, मराठी शाळांत प्रत्यक्ष उपस्थित विद्यार्थी किती? उपस्थिती नसलेल्या शाळा बंद करण्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

सीमेचा मामला म्हणून तो शिक्षण खात्याकडे न जाता थेट मुख्यमंत्र्यांच्या खात्याकडे गेला होता. मी तो तीनदा वाचला. तिसऱ्या भागाशी प्रत्येक वेळी अडले. बंद करण्याबाबत. म्हणजे कोणीतरी वर बसून आमची शाळा बंद करायची भाषा करून राह्यलं होतं, आणि त्याला हवी होती ती एक ओळ मी देणार होते.

शाळा बंद झाली असती तर मुलं अडाणी राहिली नसती, सार होतेच. पण या गावाचे जातीचे दाखले या बाजूचे, पाचवीनंतरची आश्रमशाळा या बाजूची. तिथं दाखला मराठी शाळेचा लागतो. दुसरी मराठी शाळा घाटाच्या पायथ्याशी, मधे सागाचं जंगल, आणि त्या जंगलात वाघिणीचा वावर. तिकडे कोणती आई पोरगी पाठवणार? मुलगे गेले असते, मुली राहिल्या असत्या. एकवीसमध्ये तेरा मुली होत्या.

खाली उतरले तर स्वयंपाकीणबाई डाळ निवडत बसली होती. गोंडाची बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ.

“काऊन बाई, कोनी मेलं का?” ती म्हणाली.

“नाई. मुख्यमंत्र्यानं इचारलं हाय, आपल्या शाळेत पोरं किती येतात म्हनून.”

“मंग सांगा ना एकवीस.”

“तेच एकवीस तिकडंही हायत ना.”

“ते त्याले कोन सांगते?” ती म्हणाली आणि खडा बाजूला टाकला. “त्याची जीप आली का घाटात? नाई ना. मंग बसा चूप.”

मी चूप बसले नाही. टाकीवर चढले आणि उत्तर टाइप केलं. एक, हे खरे नाही. दोन, पटावरील सर्व एकवीस विद्यार्थी उपस्थित. तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही. अशा उत्तरांची भाषा ठरलेली असते. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, सही करायला प्रौढ वर्गात शिकले, आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही एवढं एकच त्यांनी आम्हा भावंडांना बजावून सांगितलं होतं. मी वाचून केली. ते जास्त वाईट.

पाच मिनिटांनी पंचायत समितीतून निरोप आला, ‘सोबत विद्यार्थ्यांचा आजचा फोटो पाठवा, मागे शाळेचे नाव दिसावे.’ मी मुलांना व्हरांड्यात उभं केलं. उंच मागे, बुटकी पुढे. एकीचं नाक पुसलं. शाळेचं नाव नीट येतंय ना ते बघितलं, सावली पडते म्हणून सगळ्यांना दोन पावलं पुढे घेतलं. फोटो चांगला आला. पाठवून दिला.

शुक्रवारी सकाळी टाकीवर चढले तर खालच्या गावच्या शिक्षिकेचा मेसेज होता. माझाच फोटो मला परत पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, तिकडचा गणवेश शोभतो तुमच्या पोरांना.’

मी फोटो मोठा करून बघितला. एकवीसच्या एकवीस मुलं चौकड्यांच्या शर्टात उभी होती. मागे ठळक अक्षरांत आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव.

त्या दिवशी तीन ठोके वाजलेच नव्हते. जीप आली नव्हती, फक्त मेसेज आला होता. मुलं रोजच्यासारखी दुपारी रस्ता ओलांडून, अंगावर सकाळचाच शर्ट ठेवून आली होती. अकरा वर्षं रोज दुपारी मी त्यांना त्याच शर्टात शिकवत होते. तो शर्ट मला दिसायचाच बंद झाला होता.

फोटो गटावरून पुसायला गेले तर मुदत टळून गेली होती, आणि पुसूनही काय होणार? तो तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूरला गेलेला. पाच गटांतून वर चढलेला फोटो कुठल्या पायरीवरून बाजूला निघून खालच्या गावच्या शिक्षिकेपर्यंत आला, कोण जाणे.

मी रस्ता ओलांडून सारकडे गेले. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, दोन बोटांनी ताणून एकेक मूल बघितलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “ये तो मेरा स्कूल दिखता है.”

“सार, हसू नका.”

“हसत नाही मॅडम. मेरेको भी डर लगता. मेरे रजिस्टरमें भी यही बच्चे.”

शनिवारी दुपारी टाकीवर असताना फोन आला. प्रश्न सोमवारच्या यादीत लागला होता. हजेरीपत्रकं घेऊन सोमवारी सकाळी विधानभवनात हजर राहायचं. मुख्यालय सोडलं तरी चालेल, फोन बंद ठेवायचा नाही.

माझ्याबरोबर आमच्या पंचायत समितीचे शिक्षण विस्तार अधिकारी होते. निवृत्तीला आलेले, मधुमेहाचे, चांगला माणूस. नागपूरला जाताना बसमध्ये मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो बघितला, फोन माझ्या हातात परत ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. वरोरा मागे पडलं.

“मॅडम,” मग म्हणाले, “मले दीड वर्ष राह्यलं. पुढच्या फोटोत मले नका घेऊ.”

“साहेब, खोटं उत्तर मी लिहिलं. तुमी फक्त पुढं पाठवलं.”

“तेच त. पुढं पाठवनारे पाच जनं हायत, लिवनारी एक. फास कोनाच्या गळ्यात बसन?” त्यांनी पिशवीतून बिस्कीट काढून मला दिलं. “खा. उपाशीपोटी भेव जास्त लागते.”

खाल्लं. फरक पडला नाही.

विधानभवनाच्या दारात पास, पिशवीची तपासणी, पुन्हा पास. आत सगळे भरभर चालत होते आणि कोणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. आम्हाला एका खोलीत बसवलं. तिथं वेगवेगळ्या जिल्ह्यांतली आमच्यासारखी पंधरावीस माणसं फायली मांडीवर घेऊन बसली होती आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सभागृह दिसत होतं, अजून रिकामं. माझ्या शेजारचे गृहस्थ कसल्याशा तलावाच्या फायलीची नाडी सोडत होते आणि बांधत होते.

ज्यांनी आम्हाला बोलावलं होतं त्या कक्ष अधिकारी बाई मंत्रालयातून आलेल्या होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. हातात छापील उत्तरांची पुस्तिका. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर धरलं. हे खरे नाही. छापल्यावर ते वाक्य आणखी खोटं दिसत होतं.

“हजेरीपत्रक आणलंत?” त्यांनी विचारलं.

“आणलंय. मॅडम, एक सांगायचं आहे. हे उत्तर चुकीचं आहे.”

“कुठलं?”

“पहिलंच. मुलं दोन्हीकडे आहेत.”

विस्तार अधिकारी उठून पाणी प्यायला गेले. कक्ष अधिकारी बाईंनी पुस्तिका मिटली.

“हे बुधवारी का नाही सांगितलंत?”

“बुधवारी भीती वाटली.”

“आणि आज?”

“आज जास्त वाटते.”

मी त्यांना फोटो दाखवला. त्यांना आधी कळलं नाही, गणवेश कुठला कसा ते त्यांना काय माहीत. मी सांगितल्यावर त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“ही पुस्तिका सगळ्या सदस्यांच्या हातात गेली आहे,” त्या म्हणाल्या. “छापील उत्तर आता मागे घेता येत नाही. आपला नंबर सातवा. रोज पाच किंवा सहा प्रश्न होतात, मग तास संपतो. सहाव्यावर जोरदार भांडण झालं तर आपण वाचलो. नाही झालं आणि तुमचा फोटो कुणाकडे असला, तर ते उपप्रश्न विचारणार. तेव्हा मुख्यमंत्र्यांना खरं माहीत नसेल तर सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग येतो. मग तुमची नोकरी आणि तुमची शाळा, दोन्ही विसरा.”

“मग काय करू?”

“खरं काय ते चार ओळींत लिहून द्या. वाचता येईल अशा अक्षरात. त्यांनी मागे वळून बघितलं तरच चिठ्ठी आत जाईल.”

माझ्या पिशवीत हजेरीपत्रकांबरोबर एक दुरेघी वही होती, मुलांच्या शुद्धलेखनाची. तिचं पान फाडलं. अकरा वर्षं फळ्यावर सुबक अक्षर काढलेला हात त्या वेळी रेघेत राहीना. लिहिलं: ‘मुले तीच आहेत. सकाळी त्या शाळेत शिकतात, दुपारी आमच्या. दोन्ही भाषा वाचतात. चूक माझी आहे.’

त्यांनी वाचून चौथी ओळ पेनानं खोडली. “ही सभागृहात वाचून काय करायची? तिच्याबद्दल नंतर तुम्हाला विचारतीलच,” म्हणाल्या आणि चिठ्ठी घेऊन अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे गेल्या.

तास सुरू झाला. पहिला प्रश्न कुठल्याशा धरणाचा, दुसरा रुग्णालयाचा. खोलीतली ज्यांची ज्यांची पाळी येत होती ती माणसं उभी राहत होती, संपली की बसत होती. मी घड्याळ बघत होते. तलाववाल्या गृहस्थांचा सहावा होता. मी मनातल्या मनात म्हणत होते की यांच्यावर भांडण होऊ दे, यांचं वाटोळं झालं तरी चालेल. असं मी दुसऱ्या कोणाबद्दल कधी मागितलं नव्हतं. भांडण झालं नाही. मंत्र्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं, ते गृहस्थ नाडी बांधून उठले, आणि बाराला नऊ मिनिटं कमी असताना अध्यक्षांनी सात नंबर पुकारला.

एक सदस्य उभे राहिले. त्यांच्या हातात कागद होता, कागदावर रंगीत छापलेला फोटो. एवढ्या लांबूनही मला चौकड्या दिसल्या.

“अध्यक्ष महाराज,” ते म्हणाले, “उत्तरात म्हटलंय हे खरं नाही. माझ्या हातात शासनाकडेच आलेला फोटो आहे. मुलं आपल्या शाळेसमोर उभी आहेत. त्यांच्या अंगावर गणवेश कुठल्या राज्याचा आहे, एवढं मुख्यमंत्र्यांनी सांगावं.”

बाकं वाजली. कोणीतरी हसलं. विस्तार अधिकाऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मुख्यमंत्री उठले. समोरचं पान बघितलं, मग डोकं मागे वळवलं. गॅलरीतून एक हात खाली आला, दुसऱ्यानं घेतला, तिसऱ्यानं त्यांच्यापुढे ठेवला. टीव्हीवर मला माझं दुरेघी पान दिसलं. निळ्या जोडरेघा. त्यांनी ते हातात धरलं आणि वाचलं. तीन ओळी वाचायला किती वेळ लागतो? माझ्या दुसरीतली पोरगी दहा आकडे मोजेपर्यंत वाचेल. त्यांना तेवढाच लागला असेल. मांडीवरची हजेरीपत्रकं मी दोन्ही हातांनी अशी दाबून धरली होती की जणू ती उडून जातील.

“अध्यक्ष महाराज,” ते म्हणाले, “छापील उत्तराचा पहिला भाग मी दुरुस्त करतो. मुलं तीच आहेत. सकाळी तिकडे शिकतात, दुपारी आपल्याकडे. दोन्ही भाषा वाचतात.”

एकच गलका झाला. सदस्य बोट दाखवून विचारत होते, मग खोटी माहिती दिली कोणी, कारवाई काय करणार, आणि असल्या कागदावरच्या शाळा बंद कधी करणार. तीन प्रश्न, तिन्ही माझे. मुख्यमंत्री बसले नव्हते, गलका थांबायची वाट बघत होते.

“माहिती कोणी दिली ते तपासलं जाईल. शाळेबद्दल मी एवढंच सांगतो की पथक पाठवू. आगाऊ न कळवता जाईल. दुपारी मुलं खरंच आपल्या शाळेत बसतात का ते बघेल. बसत नसतील तर शाळा बंद. बसत असतील तर चालू. तोपर्यंत हात लावणार नाही.”

मग तास संपला. खोलीतली माणसं उठून चहाला गेली. मी बसूनच होते. विस्तार अधिकारी म्हणाले, “चला मॅडम, अजून जिवंत हाओ आपन.” त्यांनी हजेरीपत्रकं उचलली, मी पिशवी.

गावात परतल्यावर स्वयंपाकीणबाईला आणि सारला सगळं सांगितलं. व्हरांड्यात आठदहा आयाही येऊन बसल्या होत्या.

“त मंग सोपं हाय,” स्वयंपाकीणबाई म्हणाली. “जीप दिसली का ठोके मारते मी. निळे शर्ट, सगळे हजर.”

“नाई,” मी म्हटलं. “ठोके मारायचे नाई. शर्ट बदलायचे नाई.”

“मंग पोरं सकाळी सारकडं दिसतीन ना. इथी कोन दिसन, तुमी अन मी?”

“दिसू दे.”

“लय हुशार बाई हाय आपली,” ती आयांना म्हणाली. “खोटं बोलून भ्याली, आता खरं बोलून भेते.”

ते बरोबरच होतं. पुढचे तीन आठवडे मी घाटातल्या प्रत्येक आवाजाला दचकत होते. ट्रॅक्टर आला तरी दाराशी जाऊन बघायचे. सकाळी रिकाम्या वर्गात एकटी बसायचे, कागदावर भरलेल्या शाळेत. पूर्वी तो वेळ मी नकाशे चिकटवण्यात, पाठांची टाचणं काढण्यात घालवायचे. आता नुसती रस्त्याकडे बघत बसायचे. कापूस वेचणीचे दिवस होते, कधी दोन मुलं शेतात जायची, कधी चार. एखाद्या दिवशी सारकडे दुपारी कसलासा कार्यक्रम असायचा आणि मुलं पाऊण तास उशिरा यायची. त्याच दिवशी पथक आलं तर?

पथक आलं ते सकाळी पावणेअकराला. तिघं जण. खालच्या गावातून निरोप आलाच होता. स्वयंपाकीणबाईनं हातोडी हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं हातोडी पदराखाली धरली, ठेवली मात्र नाही.

पथकातले प्रमुख वर्गात आले. रिकामी बसकरं, फळ्यावर तारीख.

“मुलं कुठं आहेत?”

“समोर.”

“कधी येतात?”

“साडेबाराला.”

त्यांनी सोबतच्यांकडे बघितलं. हजेरीपत्रकं मागितली, ती चाळली, मग म्हणाले, “बसतो आम्ही.”

पावणेदोन तास ते बसले. समोरच्या शाळेतून मुलांचा पाठ ऐकू येत होता, तेलुगूत, एका सुरात. प्रमुखांनी चहा घेतला नाही. मला काय विचारायचं ते त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत विचारून संपवलं होतं. नंतर फक्त घड्याळ होतं. बारा वाजता पलीकडे ताटं वाजली. सव्वाबाराला दोन मुली हात धुऊन बाहेर आल्या आणि आपल्या घराकडे चालू लागल्या. मला हाक मारायची होती. स्वयंपाकीणबाईची हातोडी पदराखाली हलली. मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

साडेबारा झाले. कोणी आलं नाही. बारा पस्तीस.

मग त्या दोन मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन घरातून निघाल्या आणि सरळ आमच्या दाराशी आल्या. चपला काढल्या, ओळीत ठेवल्या. त्यांच्यामागून बाकीची रस्ता ओलांडू लागली, ढकलाढकली करत, एक पोर दुसऱ्याच्या पाठीवर बसलेलं. सगळी चौकड्यांत. आत आली, आपापल्या जागी बसली, पाहुणे बघून चूप झाली. प्रमुखांनी बोटानं मोजली. एकोणीस. दोन कापसाला, मी म्हटलं. त्यांनी एकोणीसच लिहिलं.

एकीला उभं करून त्यांनी धडा वाचायला सांगितला. तिनं वाचला. मग तिच्या शर्टाकडे बोट दाखवून विचारलं, “हा शर्ट कुठला?”

“सकाळचा,” ती म्हणाली.

“आणि दुपारचा?”

“तो पेटीत हाय. साहेब आले का घालतो.”

मी भिंतीकडे बघितलं. पथकातला एक जण खोकला. प्रमुखांनी तेही लिहिलं असावं, मला दिसलं नाही.

दीड महिन्यानं पत्र आलं. दुपारी विद्यार्थी प्रत्यक्ष उपस्थित असल्याचे आढळल्याने शाळा पुढील आदेशापर्यंत सुरू ठेवावी. दुसरं पत्र माझ्या नावाचं, खोटी माहिती दिल्याबद्दल कारणे दाखवा. मी कारण लिहिलं, भीती वाटली म्हणून. विस्तार अधिकारी म्हणाले असं कोणी लिहीत नाही, नजरचूक लिहा. मी बदललं नाही. सेवापुस्तकात ताकीद चढली आहे.

मार्चात एका दुपारी मी टाकीच्या जिन्यावर चढत होते तर सार आधीच पाचव्या पायरीवर उभे होते, चष्मा कपाळावर, फोन हातात.

“मॅडम, हमारे असेंब्लीमें भी आया,” ते म्हणाले. “सेम क्वेश्चन. चीफ मिनिस्टर आन्सर देंगे. दो घंटेमें भेजो बोले.” थोडं थांबून म्हणाले, “फोटो भी मांगे.”

रस्त्यापलीकडे त्यांची शाळा रिकामी होती. मुलं माझ्या वर्गात पाढे म्हणत होती, सगळी त्यांच्या शर्टात.

“सार, खरं लिहा,” मी म्हटलं. “दुपारी तुमच्याकडे कोणी नसतं, तेही लिहा.”

“और स्कूल बंद हुआ तो?”

मी त्यांना तिथंच पायरीवर बसवलं आणि पाणी आणायला खाली उतरले.